समुद्रशैवाल, मेथीदाणे आणि आतड्यातील जीवाणू

मधुमेह हा शहरातील सुखवस्तू लोकांचा रोग होय, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. ती आता टिकण्यासारखी नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा, तर आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज करण्यात आला. शहरी भागात मधुमेहाचे प्रमाण १६.४ टक्के आढळले, तर ग्रामीण भागात ते ८.९ टक्के होते. याचा अर्थ, खेड्यातील साधारणपणे दर अकरा प्रौढ व्यक्तींमागे एकीला हा विकार जडलेला आहे.

रोग पसरला की त्यावरील उपायांचा बाजारही पसरतो. समुद्रशैवालाच्या भुकटीने व गोळ्यांनी आतड्यातील जीवाणू सुधारतात, रक्तातील साखर उतरते आणि वजन घटते, असे सांगून महागडी उत्पादने विकली जातात. या सांगण्यात शास्त्राचा अंश आहे. परंतु तो अंश केवढा, आणि तोच लाभ शेतकऱ्याच्या घरातील धान्याच्या कणगीतून मिळू शकतो काय, हे समजून घेणे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे. या बाबतीत हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेत झालेले संशोधन मोलाचे मार्गदर्शन करते.

कोंड्यापासून सुरू झालेली संस्था

या संस्थेचा उगम १९१८ साली निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथे झाला. सर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी तेथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये बेरीबेरी या रोगाच्या अभ्यासासाठी एक लहानसे पथक सुरू केले. गिरणीत पॉलिश केलेला तांदूळ हेच ज्यांचे मुख्य अन्न, अशा लोकांना हा रोग होई. कारण तांदळावरील कोंड्याबरोबर ब-१ हे जीवनसत्त्वही निघून जात असे. या पथकाची पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा झाली. ही प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला आली आणि १९६९ साली तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव प्राप्त झाले. कुन्नूर येथे या प्रयोगशाळेचे संचालकपद भूषविणाऱ्या शास्त्रज्ञांत डॉ. वि. ना. पटवर्धन या मराठी शास्त्रज्ञाचा समावेश होता, ही महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

हैदराबाद हे शहर आणि मराठवाड्यातील जिल्हे १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. ज्वारी, तूर, हरभरा व मेथी ही दोन्हीकडची समान पिके. म्हणून दख्खनच्या या शहरात अन्नावर झालेला अभ्यास महाराष्ट्रातील ग्रामस्थांना परका वाटण्याचे कारण नाही.

बहुशर्करा म्हणजे काय?

साखरेचे अनेक लहान रेणू माळेतील मण्यांप्रमाणे एकमेकांना जोडले गेले म्हणजे जो मोठा रेणू तयार होतो, त्याला बहुशर्करा असे म्हणतात. तांदळातील व गव्हातील पिष्ट ही बहुशर्करा आहे, कापसाच्या बोंडातील तंतू हीदेखील बहुशर्कराच आहे. दोन्हींतील मणी ग्लुकोजचेच असतात. भेद असतो तो मण्यांमधील गाठीचा. पिष्टाची गाठ सोडविणारी विकरे आपल्या लाळेत व स्वादुपिंडाच्या रसात असतात. म्हणून भाकरीचा घास बराच वेळ चावला की तो गोड लागू लागतो. कापसाच्या तंतूची गाठ मात्र मनुष्याच्या कोणत्याही पाचकरसाला सुटत नाही.

अन्नातील ज्या बहुशर्करा आपल्या पाचकरसांना दाद देत नाहीत, त्यांना सामान्यतः तंतुमय पदार्थ अथवा चोथा म्हटले जाते. धान्याचा कोंडा, डाळींची टरफले, पालेभाज्यांचे देठ, फळांच्या साली यांत त्या असतात. त्यांपैकी काही पाण्यात विरघळत नाहीत व मलाला घट्टपणा येऊ न देता तो पुढे ढकलतात. काही पाण्यात फुगून बुळबुळीत होतात. भिजलेली मेथी, इसबगोल, भेंडी व गवारीच्या बियांचा डिंक ही या दुसऱ्या प्रकारची परिचित उदाहरणे होत.

समुद्रातील चिकट द्रव्ये

समुद्रशैवाल हे अशा बुळबुळीत बहुशर्करांचे मोठे भांडार आहे. लाटांच्या माऱ्यात झाडाला तुटू न देण्यासाठी आणि ओहोटीच्या वेळी उन्हात सुकू न देण्यासाठी निसर्गाने त्यांची योजना केलेली दिसते. तांबड्या शैवालापासून अगर व कॅराजीनन, तपकिरी शैवालापासून अल्जिनेट व फ्युकॉयडन, तर हिरव्या शैवालापासून अल्व्हान ही द्रव्ये मिळतात. बाजारात 'चायना ग्रास' या नावाने मिळणारा, जेली करण्यासाठी वापरला जाणारा पदार्थ म्हणजे अगरच होय. आइस्क्रीम व टूथपेस्ट यांना दाटपणा आणण्यासाठी कॅराजीननचा, तर कापडाच्या छपाईसाठी अल्जिनेटचा उपयोग केला जातो.

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील खडकाळ किनाऱ्यावर निरनिराळ्या जातींचे शैवाल उगवते. गुजरातेतील भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने शैवालाच्या लागवडीबाबत व त्यापासून ही द्रव्ये काढण्याबाबत अनेक वर्षे कार्य केलेले आहे. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मच्छीमार कुटुंबे, विशेषतः स्त्रिया, शैवाल गोळा करून व त्याची लागवड करून उपजीविका करतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जीवाणू वाढविण्यासाठी प्रयोगशाळेत ज्या बशा वापरतात, त्यांत अगर घातलेले असते. ही कल्पना १८८१ साली फॅनी हेस या गृहिणीने जर्मनीत सुचविली. त्यांचे पती शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करीत. जिलेटिन उष्णतेने वितळते व जीवाणू ते खाऊनही टाकतात; अगर मात्र बहुतेक जीवाणूंना खाता येत नाही, म्हणूनच ते या कामी उपयोगी पडले. यावरून उघड होते की, शैवालातील प्रत्येक बहुशर्करा प्रत्येक आतड्यातील जीवाणूंचे खाद्य होऊ शकत नाही.

जपानी आतड्यातील पाहुणा

मग शैवाल खाणाऱ्यांच्या आतड्यात काय घडते? या प्रश्नाचे उत्तर २०१० साली फ्रान्समधील रॉस्कॉफ येथील सागरी संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी दिले. जपानी लोक भाताच्या गुंडाळीवर जे काळसर शैवालाचे पान लावतात, त्यात पॉर्फिरान नावाची बहुशर्करा असते. समुद्रातील एका जीवाणूजवळ तिची गाठ सोडविणारे विकर असल्याचे या शास्त्रज्ञांना आढळले. पुढे जेव्हा त्यांनी त्या विकराचा शोध अन्यत्र घेतला, तेव्हा तेच जनुक जपानी लोकांच्या आतड्यातील एका जीवाणूत सापडले. तुलनेसाठी तपासलेल्या उत्तर अमेरिकेतील लोकांच्या आतड्यात ते मिळाले नाही.

याचा उलगडा असा करण्यात आला की, कच्च्या शैवालाबरोबर समुद्रातील जीवाणू जपानी लोकांच्या पोटात गेले आणि त्यांच्याजवळील जनुक आतड्यात कायम वस्ती करणाऱ्या जीवाणूंनी उचलले. जपानमध्ये शैवाल हे इतके जुने अन्न आहे की, आठव्या शतकात ते सरकारी करापोटीही स्वीकारले जाई. शेकडो वर्षे जे अन्न ताटात राहिले, त्याला पचविण्याची सोय आतड्यातील जीवाणूंनी करून घेतली.

या शोधातून आपल्यासाठी निघणारा बोध महत्त्वाचा आहे. मनुष्याचे अन्न आणि त्याच्या आतड्यातील जीवाणू यांचे नाते सहवासातून जुळते. जे अन्न नित्य पोटात जाते, त्यावर जगणारे जीवाणू तेथे टिकतात. जे अन्न बंद होते, त्याचे जीवाणू घटत जातात. जपानी माणसाला मानवणारी भुकटी बाजारातून आणली, तरी तिच्याबरोबर जपानी माणसाचे आतडे येत नाही.

जीवाणू आपल्याला काय देतात?

मनुष्याच्या शरीरातील जीवाणूंची संख्या शरीरातील पेशींच्या संख्येइतकीच, म्हणजे सुमारे ३८ लाख कोटी असावी, असे २०१६ साली केलेल्या एका गणनेत दिसून आले. त्यांतील बहुतेक सर्व मोठ्या आतड्यात राहतात. अन्नातील बहुशर्करा पचविणारी विकरे मनुष्याजवळ वीसच्या आतच आहेत. मोठ्या आतड्यातील एकेका जातीच्या जीवाणूजवळ ती दोनशेहूनही अधिक असू शकतात.

लहान आतड्यातून न पचता पुढे गेलेला चोथा हे जीवाणू आंबवितात. त्यातून अॅसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लहान आम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे प्रमुख इंधन होय. प्रोपिओनेट यकृताकडे जाते. या आम्लांच्या स्पर्शाने आतड्यातील काही पेशी जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सोडतात. हे संप्रेरक जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते, भूक शमविते आणि स्वादुपिंडाला योग्य वेळी इन्शुलिन सोडण्यास साहाय्य करते. मधुमेहावरील व वजन घटविण्यासाठीची अलीकडची काही बहुचर्चित इंजेक्शने याच संप्रेरकाच्या क्रियेची नक्कल करतात.

चोथा न मिळाल्यास काय होते, हेही प्रयोगाने दाखविण्यात आले आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मनुष्याच्या आतड्यातील जीवाणू उंदरांच्या पोटात वाढविण्यात आले व त्यांना चोथाविरहित खाद्य देण्यात आले. उपाशी जीवाणूंनी आतड्याच्या अस्तरावरील संरक्षक बुळबुळीत थर खाण्यास प्रारंभ केला. घरातील धान्य संपले म्हणजे कुडाच्या भिंतीला वाळवी लागावी, तसाच हा प्रकार होय.

मनुष्यांवरील पुरावाही उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून करण्यात आलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या विस्तृत आढाव्यात असे आढळले की, सर्वांत कमी चोथा खाणाऱ्यांच्या तुलनेत सर्वांत अधिक चोथा खाणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यू, हृदयविकार, मधुमेह व मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी होते. दररोज २५ ते २९ ग्रॅम चोथा पोटात जाणे लाभदायक ठरते, असाही निष्कर्ष त्यात काढण्यात आला. शैवालाच्या बाबतीत मात्र मनुष्यांवर झालेले प्रयोग लहान व अल्पकाळाचे असून त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

हैदराबादचे मेथीचे प्रयोग

राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. आर. डी. शर्मा, डॉ. टी. सी. रघुराम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात मेथीदाण्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. मेथीदाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग चोथ्याचा असतो. त्यातील बुळबुळीत अंश गॅलॅक्टोमॅनन या बहुशर्करेचा आहे. गवारीच्या डिंकातही याच कुळातील बहुशर्करा असते.

१९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मेथीचे निरनिराळे भाग खावयास देऊन रक्तातील साखर मोजण्यात आली. संपूर्ण दाण्यांनी साखरेची चढण कमी झाली. दाण्यांतून वेगळ्या काढलेल्या डिंकानेही ती कमी झाली. डिंक काढून टाकलेल्या दाण्यांचा आणि शिजविलेल्या पाल्याचा परिणाम मात्र अल्प होता. गुण मुख्यत्वे त्या बुळबुळीत बहुशर्करेचा आहे, हे यावरून स्पष्ट झाले.

१९९० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात इन्शुलिनवर अवलंबून असणाऱ्या रुग्णांना १० दिवस, तेल काढून टाकलेल्या मेथीची १०० ग्रॅम पूड दुपारच्या व रात्रीच्या जेवणात विभागून देण्यात आली. उपाशीपोटीची साखर घटली, चोवीस तासांत लघवीवाटे जाणाऱ्या साखरेत ५४ टक्क्यांची घट झाली आणि रक्तातील अपायकारक चरबीही कमी झाली. पुढे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६० रुग्णांना दररोज २५ ग्रॅम मेथीची पूड २४ आठवडे देण्यात आली व तीतही साखर उतरल्याचे दिसले.

मेथीचे हे कार्य दोन टप्प्यांत होते. लहान आतड्यात ती फुगून अन्न दाट करते व साखर रक्तात हळूहळू शोषली जाते. त्यानंतर मोठ्या आतड्यात ती जीवाणूंचे खाद्य बनते. हैदराबादच्या प्रयोगांत पहिला टप्पा मोजला गेला. दुसऱ्या टप्प्याचे महत्त्व अलीकडच्या काळात अधिक ध्यानी आले. हे प्रयोग थोड्या रुग्णांवर झालेले आहेत, म्हणून मेथी हे औषधाला पूरक असे अन्न मानावे, औषधाचा पर्याय मानू नये.

आपल्या धान्यात किती चोथा आहे?

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांचे नवे कोष्टक प्रसिद्ध केले. त्यानुसार दर १०० ग्रॅममधील चोथ्याचे प्रमाण साधारणपणे पुढीलप्रमाणे आहे:

पॉलिश केलेला तांदूळ: २.८ ग्रॅम
मैदा: २.८ ग्रॅम
ज्वारी: १०.२ ग्रॅम
नाचणी: ११.२ ग्रॅम
गव्हाचे न चाळलेले पीठ: ११.४ ग्रॅम
बाजरी: ११.५ ग्रॅम
तूरडाळ: ९.१ ग्रॅम
हरभराडाळ: १५.२ ग्रॅम
सबंध मूग: १७ ग्रॅम
सबंध हरभरा: २५.२ ग्रॅम
मेथीदाणे: ४७.६ ग्रॅम

या आकड्यांचा अर्थ व्यवहारात पाहावा. एखादी व्यक्ती दिवसाला २५० ग्रॅम धान्य खाते असे मानल्यास, पॉलिशच्या तांदळातून तिला जेमतेम ७ ग्रॅम चोथा मिळेल; तेवढ्याच ज्वारीतून सुमारे २५ ग्रॅम मिळेल. ज्वारीची भाकरी सोडून शुभ्र भात व मैद्याची बिस्किटे यांकडे वळलेल्या घरात जीवाणूंच्या वाट्याला येणारे अन्न एका पिढीत किती आटले असेल, याची कल्पना यावरून येते.

तथापि केवळ धान्य बदलून काम भागत नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी आहार पाहणीनुसार भारतीयांच्या अन्नातील सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात. धान्याचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवून फक्त प्रकार बदलल्याने धोका पुरेसा घटत नाही. काही धान्याची जागा डाळी व दुधासारख्या प्रथिनयुक्त अन्नाने घेतली पाहिजे, असे त्या पाहणीत दिसून आले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ सालच्या मार्गदर्शक सूचनांतही दिवसाला सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी व कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे असा आहार सुचविला आहे.

एकाच धान्यावर विसंबणेही योग्य नाही. जवळजवळ ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या हैदराबाद परिसरातील गरीब लोकांत पेलाग्रा हा रोग आढळत असे. डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसीन या घटकाच्या आधिक्याशी असल्याचे मत मांडले. ज्वारीबरोबर डाळ, पालेभाजी व ताक असेल तरच ते जेवण पूर्ण होते.

घ्यावयाची काळजी

आहारात चोथा एकदम वाढवू नये. पोटात वायू धरणे हे जीवाणूंच्या आंबविण्याच्या क्रियेचेच लक्षण असते. प्रमाण दोन-तीन आठवड्यांत क्रमाने वाढवावे व पाणी भरपूर प्यावे. मेथी प्रारंभी एक लहान चमचा, रात्री भिजवून किंवा पूड करून पिठात मिसळून घ्यावी. जे मधुमेहाच्या गोळ्या अथवा इन्शुलिन घेतात, त्यांनी मेथीचे प्रमाण वाढविण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कारण दोहोंच्या एकत्रित परिणामाने साखर प्रमाणाबाहेर उतरण्याचा संभव असतो. गरोदर स्त्रियांनी मेथीदाणे मोठ्या प्रमाणात घेऊ नयेत. कोणीही आपल्या मनाने औषध बंद करू नये.

समुद्रशैवालाच्या बाबतीत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. काही जातींत, विशेषतः तपकिरी शैवालात, आयोडीनचे प्रमाण अतिशय जास्त असते. प्रौढ माणसाची दैनंदिन गरज सुमारे १५० मायक्रोग्रॅम एवढीच असून ती आयोडीनयुक्त मिठाने भागते. आयोडीनचा अतिरेक गलग्रंथीला बाधतो. शैवाल समुद्रातील जड धातूही शोषून घेते. सबब घटकांचे प्रमाण न छापलेली शैवालाची भुकटी घेऊ नये.

शाळेत व गावात करता येण्याजोगे

शिक्षकांना हा विषय अल्प खर्चात शिकविता येईल. एका पेल्यात चमचाभर मेथी, दुसऱ्यात चमचाभर इसबगोल व तिसऱ्यात चमचाभर तांदूळ समान पाण्यात रात्रभर भिजत ठेवावेत आणि सकाळी विद्यार्थ्यांना बोटांनी फरक पाहू द्यावा. भाकरीचा तुकडा सावकाश चावून तो गोड केव्हा लागतो, याची नोंद घ्यावयास सांगावी. घरी आठवडाभर कोणते पीठ चाळले जाते व चाळणीवरचा कोंडा कोठे जातो, याची यादी विद्यार्थ्यांनी करावी. अनेक घरांत तो जनावरांच्या आंबोणात जातो, असे आढळेल.

अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या यांनी मातांच्या बैठकीत पीठ न चाळण्याचा आणि मोड आलेली मटकी, हुलगा, मूग आठवड्यातून तीन-चार वेळा देण्याचा आग्रह धरावा. ग्रामसभेत तीस वर्षांवरील सर्वांची रक्तशर्करा तपासण्याबाबत विचार व्हावा. कारण रोग आरंभी लक्षणे दाखवीत नाही आणि उंबरठ्यावर असलेल्यांनाच आहारातील बदलाचा लाभ सर्वांत अधिक होतो.

शंभर वर्षांपूर्वी तांदळाचा कोंडा टाकून दिल्यामुळे एक रोग उद्भवला आणि त्याच्या शोधातून एक संस्था उभी राहिली. आज तोच कोंडा टाकल्याची किंमत दुसऱ्या रोगाच्या रूपाने मोजावी लागत आहे. समुद्रशैवालावरील संशोधन पुढे जात राहील, कोकणातील मच्छीमारांना त्यातून उत्पन्नाचे नवे साधनही मिळू शकेल. परंतु आतड्यातील जीवाणूंना रोज लागणारा शिधा आपल्या शेतातच पिकतो. तो चाळणीवर सांडू न देता ताटापर्यंत पोचविणे, एवढेच प्रत्येक घराच्या हाती आहे व तेवढे अवश्य केले पाहिजे.